बालवाडीतला एकत्र खाऊ दरवर्षी का फिसकटतो आणि तो रुळावर कसा आणायचा

जूनच्या पालकसभेत सगळ्यांच्या माना डोलतात. रोज एका घरून सगळ्या वर्गासाठी खाऊ येणार, मुलं गोल करून एकत्र बसणार, खाऊ पौष्टिकच असणार. सुरुवातीला खरंच घावनं येतात, मुगाची धिरडी येतात, छान कापलेली पपई येते. जुलैत पहिला बिस्किटाचा पुडा येतो. गणपती उरकेपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमच्या मुलाने आज काहीच खाल्लं नाही’ आणि ‘वेफर्स चालतात मग आमच्या केळ्यांनी काय घोडं मारलंय’ असं सुरू होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘उद्यापासून आपापला डबा’ असं फर्मान निघतं, आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे हे चक्र जवळून माहीत आहे. खाऊ परत जायला लागला की सगळ्यांना पहिला उपाय सुचतो तो ‘मेनू बदलू या’ हा. माझं म्हणणं, तो सगळ्यात शेवटी करा. त्याआधी घड्याळ बघा, मग घासाचा आकार आणि पोत, मग वाढणाऱ्यांची तोंडं. बरेचसे बिघाड तिथेच सापडतात.

‘मुलं नुसती चिवडत बसतात’

खाऊ साडेदहाला असेल तर पहिला प्रश्न असा: घरून निघताना पोटात काय गेलं आणि किती वाजता? हे प्रत्येक पालकाकडून एका कागदावर लिहून घ्या. उत्तरं वाचून डोळे उघडतात. व्हॅनने येणारी मुलं पावणेआठला नुसत्या दुधावर निघालेली असतात, आणि शाळेसमोरच्या सोसायटीतली मुलं पावणेनऊला पोहे चेपून येतात. एकच इडली एकाला कमी पडते आणि दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. मग आपण इडलीला दोष देतो.

दुधाचा हिशोब मुद्दाम करून बघण्यासारखा आहे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाची दिवसभराची गरज साधारण १३६० किलोकॅलरी धरली आहे. म्हणजे सकाळच्या खाऊच्या वाट्याला दीडशे-दोनशे येतात. म्हशीचं २०० मिलिलिटर सायीचं दूध आणि त्यात दोन भरगच्च चमचे चॉकलेटी पावडर घातली, तर त्या एका पेल्यातच पावणेतीनशेच्या आसपास जातात. पोर शाळेत येतं तेव्हा त्याचा खाऊ पिऊन झालेला असतो! त्या पावडरींचं म्हणाल, तर एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं होतं. डब्यावर प्रति १०० ग्रॅम किती साखर लिहिली आहे ते वाचा आणि चाराने भागा. चहाचे किती चमचे झाले ते कळेल.

दूध बंद करा असं मी म्हणत नाही. सकाळी अर्धा कप द्या, उरलेलं संध्याकाळी. दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध पिणारं मूल जेवायला टाळाटाळ करणारच, शिवाय त्याच्या रक्तात लोह कमी पडण्याची शक्यता वाढते. आणि आजीकडे सकाळी चहात बुडवून बिस्किट खाण्याचा कार्यक्रम चालत असेल, तर तोही कागदावर येऊ द्या. ‘एकच दिलं हो’ असं आजी म्हणतील. एकच असेल, पण चहामुळे जेवणातलं लोह कमी अंगी लागतं. ते त्यांना प्रेमाने सांगता येतं.

खाऊची वेळ घरच्या खाण्यानंतर दोन-अडीच तासांनी पडेल अशी ठेवा. वर्ग ९ ते १२ असेल तर बहुतेकांना साडेदहा ते पावणेअकरा ठीक बसते. जी मुलं उपाशी निघतात त्यांच्या घरी पोळीचा रोल किंवा अर्धं केळं व्हॅनमध्ये बसण्याआधी द्यायला सांगा.

अजून एक घड्याळ असतं, ते वर्गातलं. वीस मुलांना एकदम रांगेत उभं करून एका बेसिनवर हात धुवायला लावले, तर पहिलं मूल ताटलीसमोर दहा-पंधरा मिनिटं ताटकळतं. तोवर ढकलाढकली, रडारड, आणि खाण्याचा मूड गेलेला. पाच-सहा मुलांचा गट आणा, हात धुवा, बसवा, वाढा, मग पुढचा गट. श्लोक म्हणायचा तर गटागटाने म्हणा, सगळे जमेपर्यंत पहिल्यांचं थंड होऊ देऊ नका.

‘घरी आवडीने खातो, शाळेत तोंड फिरवतो’

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि पालक खोटं बोलत नसतात. घरी तव्यावरून ताटलीत आलेलं थालीपीठ आणि सकाळी सातला डब्यात बंद होऊन साडेदहाला उघडलेलं थालीपीठ हे दोन वेगळे पदार्थ आहेत. दुसरं चामड्यासारखं होतं. तीन वर्षांच्या मुलाला ते तोडता येत नाही, मग ते चोखून खाली ठेवतं. पोहे कोरडे पडून घशात अडकतात. उपमा डब्याच्या आकाराचा गोळा होऊन बाहेर येतो. साबुदाणा खिचडीची तर ढेकळंच होतात.

म्हणून कोणताही पदार्थ यादीत घेण्याआधी एक परीक्षा: सातला डब्यात भरा, साडेदहाला स्वतः खा. गरम करायचा नाही, सोबत चटणी-लोणचं घ्यायचं नाही.

या परीक्षेत उत्तम पास होते ती दशमी. दुधात भिजवलेल्या कणकेची म्हणून प्रवासात न्यायची पद्धत होतीच, कारण ती मऊ राहते. गुळाची असेल तर तूपसुद्धा लागत नाही. छोट्या इडल्या टिकतात. मुगाचं किंवा नाचणीचं धिरडं गरम असतानाच घडी घालून सुती फडक्यात गुंडाळून ठेवलं तर चांगलं राहतं. डबा लगेच घट्ट लावला तर वाफेचं पाणी होऊन ते चिकट होतं, त्यामुळे आधी वाफ जाऊ द्या. मोड आलेले मूग नीट मऊ शिजवून, वरून लिंबू पिळून द्या. लिंबाने त्यातलं लोह जास्त शोषलं जातं. उकडलेलं रताळं कुस्करून, तूप-जिरं घालून छोट्या वड्या थापल्या तर मुलं हाताने उचलतात. पोहे द्यायचेच असतील तर नेहमीपेक्षा ओलसर ठेवा आणि कोथिंबिरीच्या काड्या काढा, कारण काडी सापडली की अख्खी ताटली बाजूला सरते. ओलं खोबरं मात्र एप्रिल ते जून आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात नको. मुंबई-ठाण्याच्या हवेत ते दोन-तीन तासांत आंबायला लागतं.

आकाराबद्दलही थोडं सांगते. मोठ्यांच्या पोळीचा रोल मुलाच्या हातात दिला की ते एका टोकाने चावतं, भाजी दुसऱ्या टोकाने गणवेशावर. रोलचे बोटभर लांबीचे तुकडे करा. केळं अख्खं देऊ नका, साल अर्धी सोललेलं अर्धं केळं द्या. मूल साल धरून खातं आणि हात चिकट होत नाहीत. हात चिकट झालेले काही मुलांना मुळीच चालत नाही, आणि आपण त्याला ‘नखरे’ म्हणतो.

‘ताटात टाकायचं नाही’ आणि ‘संपवलंस तर स्टार’

मुलाने किती खावं हे मोठ्यांनी ठरवलं की खाऊची वेळ कुस्तीचा आखाडा होते. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची सोपी वाटणी करून दिली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. ऐकायला सोपं, करायला अवघड, कारण आपल्याकडे अन्न टाकणं हे पाप मानलं जातं. ते चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही. फक्त टाकू नये याचा उपाय ‘संपव’ म्हणून डोक्यावर उभं राहणं हा नव्हे. कमी वाढणं हा आहे. पहिल्यांदा एक डाव, म्हणजे छोट्या इडल्या असतील तर एक, उसळ असेल तर एक मोठा चमचा. अजून हवं तर मागायचं.

शक्य असेल तर वाढू त्यांनाच द्या. आमच्या वर्गात उसळीचं छोटं पातेलं गटाच्या मधोमध असतं आणि त्यात एकच लहान डाव. साडेतीन वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी डाव धरते, जीभ बाहेर काढून तो ताटलीपर्यंत आणते, निम्मे मूग चटईवर, निम्मे ताटलीत. मावशी कुरकुरतात. पण स्वतःच्या हाताने घेतलेले ते पाच-सहा मूग ती एकेक करून खाते. मागच्याच आठवड्यात हेच मूग वाढून दिले होते, तेव्हा ताटली तशीच परत गेली होती.

बक्षीस मात्र नको. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही सोसायची गोष्ट आणि चॉकलेट हे खरं मोल. ‘पहिला कोण संपवतो’ ही शर्यत त्याहून वाईट, कारण त्यात मुलं न चावता गिळतात. ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ घरी लाडाने चालेल; वर्गात मूल स्वतः खातंय तिथे त्याची गरज नाही.

‘वाटून खा’ हाही इथलाच प्रकार. तीन वर्षांच्या मुलाच्या हातातली अर्धी खाल्लेली पोळी दुसऱ्याला देण्याचा आग्रह धरू नका. पावसाळ्यात सर्दी-तापाची साथ अशीच फिरते, आणि ज्याच्याकडून ओढून घेतलं त्याला वाटण्याचा आनंद काही मिळत नाही. वाटणी पातेल्यातून ताटलीत येतानाच झालेली असते. ताटलीतलं ज्याचं त्याचं.

‘आमचा फक्त पांढरं खातो’

भात, दही, पोळी, बटाटा. असं मूल प्रत्येक वर्गात असतंच. एकत्र खाऊचा खरा फायदा अशाच मुलाला होतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप करायचा. लीन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८०मध्ये बालवाडीच्या मुलांवर केलेला एक साधा अभ्यास आहे: एक भाजी आवडणाऱ्या मुलाला, दुसरी भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांसोबत जेवायला बसवलं. पहिल्या दिवशी त्या मुलाने आपलीच आवडती भाजी घेतली. चौथ्या दिवसापर्यंत त्याचा हात सोबत्यांच्या भाजीकडे वळू लागला. कोणी काही समजावलं नव्हतं.

तेव्हा जागा बदला. बीट पाहून नाक मुरडणाऱ्याला बीट आवडीने खाणाऱ्या दोघांच्या मधे बसवा आणि गप्प राहा. ‘बघ, तो कसा शहाण्यासारखा खातो’ हे वाक्य तोंडातून निघालं की खेळ संपला. ताटलीत चिमूटभर वाढायचं, न खाल्लं तर काहीही न बोलता उचलायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चिमूटभर. नवीन चव जिभेला पटायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, काही मुलांना पंधरा वेळा. पालक तिसऱ्या वेळी ‘त्याला आवडतच नाही’ असा शिक्का मारतात.

पौष्टिक आहे, पण घशाला धोक्याचं

बिस्किटं बंद झाली की पालक उत्साहाने चणे-फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चिक्की, मनुका-बदाम पाठवतात. हेतू उत्तम. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नयेत. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, आलेल्या असल्या तरी चावणं पक्कं नसतं, आणि हसता हसता दाणा श्वासनलिकेत जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा, मुलांच्या श्वासनलिकेतून काय काढता म्हणून. शेंगदाणा यादीत अगदी वर असतो. कुटाच्या रूपात द्या, लाडूत द्या. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. गाजर गोल चकत्यांत कापू नका, किसा किंवा वाफवून लांब काप करा. कच्च्या सफरचंदाचे पातळ काप, जाड फोडी नकोत. बोरं, जांभळं, चिकू, सीताफळ बिया काढल्याशिवाय नाही, आणि वीस मुलांसाठी सीताफळाच्या बिया कोण काढत बसणार, तेव्हा ते घरीच. लाह्या, पॉपकॉर्न, गोळ्या नाहीच.

खाताना सगळे बसलेले असले पाहिजेत. पळत, आडवं होऊन, गाणं म्हणत खाणं नाही.

आणि अडकलंच तर? मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, जवळ थांबा. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थपके द्या. निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके, आणि पुन्हा थपके. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ लावायचा. दिसत नसलेला घास काढायला घशात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. टाळूवर थापटून ‘कोणी आठवण काढली’ म्हणणं ठसक्यापुरतं ठीक, इथे त्याचा उपयोग नाही. ताई आणि मावशी दोघींनीही हे एखाद्या डॉक्टरकडून हाताने करून शिकून घ्यावं. वाचून येत नाही.

पाळी लागते, आणि पुडे येऊ लागतात

आता मूळ दुखणं. बिस्किटाचा पुडा आळसातून येतो असं ग्रुपवर सूचित केलं जातं, आणि तिथेच भांडण पेटतं. सकाळी ६:४०ची लोकल पकडणाऱ्या आईने वीस मुलांची धिरडी कधी घालायची? बरं, वीस मुलांना किती लागतं हेही कोणी सांगितलेलं नसतं. ती घाबरून चाळीस इडल्यांचं पीठ भिजवते, निम्म्या परत येतात, आणि पुढच्या पाळीला पुडा येतो. शिवाय कोणीतरी अस्वलाच्या तोंडाची सँडविचेस करून त्याचे फोटो टाकलेले असतात. साधी दशमी देणाऱ्याला त्यानंतर ओशाळल्यासारखं होतं.

उपाय तीन, आणि तिन्ही कंटाळवाणे आहेत. पहिला, फोटो बंद. खाऊचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, हा नियम जूनमध्येच.

दुसरा, यादी लहान आणि मापासकट. आठ-दहा पदार्थ पुरे. वीस मुलांसाठी दहा केळी, म्हणजे डझनाच्या आतच. पोहे अर्धा किलो कच्चे. मूग पाव किलोच्या थोडे वर, मोड आले की भरपूर होतात. छोट्या इडल्या साठ. पपई मध्यम आकाराची एक, पिकलेली पण घट्ट. हे वाचल्यावर अनेक पालक म्हणतात, एवढंच? हो, एवढंच. हा खाऊ आहे, जेवण घरी गेल्यावर आहेच.

तिसरा, जोड्या. एका दिवशी दोन घरं: एकाने शिजवलेलं आणायचं, दुसऱ्याने फळ. ज्या घरात सकाळी कोणाला उसंत नाही त्यांनी कायम फळच आणावं, आणि त्यात काही कमीपणा नाही हे ताईंनी सभेत सगळ्यांसमोर म्हणावं. कोणाची पैशांची ओढाताण असेल तर गाजावाजा न करता त्यांची जोडी अशा घराशी लावा जिथे शिजवण्याची हौस आहे. शाळेत गॅस आणि मावशी असतील तर महिन्याची वर्गणी काढून तिथेच शिजवणं सगळ्यात उत्तम; गरम मिळतं आणि पाळीची कटकटच उरत नाही.

आणि तरीही पुडा आलाच तर? तो परत पाठवून मुलाला रडवू नका. एकेक बिस्किट वाटा, सोबत कपाटात ठेवलेली केळी द्या, आणि संध्याकाळी पालकांशी एकट्यात बोला. ग्रुपवर नाही.

अंगणवाडीत पाळीचा प्रश्न नसतो, तिथे सकाळचा नाश्ता आणि गरम आहार सरकारकडून येतो. २०१३च्या मूळ अन्नसुरक्षा कायद्यात ३ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवली होती. तिथली तक्रार वेगळी, ‘रोज तेच’ ही. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत अंडं किंवा केळं अशी निवड ठेवली आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या वर्गातही अंडं खाणारे, न खाणारे, कांदा-लसूण-बटाटा न खाणारे, चतुर्थी धरणाऱ्या घरातले असे सगळे असतात. सगळ्यांना चालेल असा एकच पदार्थ शोधत बसलात तर शेवटी मुरमुरेच उरतात. दोन गोष्टी ठेवल्या की वाद मिटतो.

वाढदिवसाला केक नको म्हटलं की पालक हिरमुसतात. वाढदिवसाच्या मुलाने त्या दिवशीचं फळ निवडायचं आणि सगळ्यांना स्वतः वाढायचं, एवढ्यावर मुलं खूश असतात. मोठ्यांना वेळ लागतो.

ॲलर्जीची माहिती प्रवेशाच्या वेळी लेखी घ्या, आणि डब्यावर पदार्थांत काय काय घातलंय याची चिठ्ठी लावायला सांगा. दाण्याचं कूट आपल्याकडे कशात नसतं? दशमीत दूध असतं, हे सांगितल्याशिवाय दिसत नाही. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर वाट न बघता दवाखाना.

हे सगळं करूनही एखादं मूल आठवडेच्या आठवडे खात नसेल, तर खाऊ सोडा आणि मुलाकडे बघा. एकाच बाजूने चावतंय का? दाढ किडलेली असू शकते. तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, घास गिळायला वेळ लावतंय? टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असतील. दोन-तीन दिवस शी होत नाही का, हे आईला विचारा. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला भूक लागतच नाही, आणि भरपूर दूध पिणाऱ्यांत हे हमखास दिसतं. वजन दोन-तीन महिने जिथल्या तिथे असेल किंवा उतरत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. जाताना घरचा आणि शाळेचा मिळून आठवडाभराचा खाण्याचा कागद सोबत द्या, म्हणजे डॉक्टरांना ‘काहीच खात नाही’ या वाक्यापेक्षा जास्त काहीतरी हातात मिळेल.